बाकी मजकूर बरोबर आहे

अशुभ पत्र घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं, ही चाल नसती तर मला वर्तमानपत्रात नोकरी मिळाली नसती. आमच्या साप्ताहिकाचे संपादक अण्णा छापखान्याच्या माडीवर राहत. त्यांच्या आईला सगळे माई म्हणत. माई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून टपालवाल्यावर नजर ठेवायच्या. ज्या कार्डाच्या डोक्यावर ‘अशुभ’ लिहिलेलं असेल ते कार्ड उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा त्यांचा हुकूम. आणि साप्ताहिकाला तर आठवड्याला अशी दहा-बारा कार्डं यायची, कारण आपल्या माणसाचं मरण छापून यावं असं सगळ्यांनाच वाटतं. आधीचे दोन लेखनिक माईंच्या तोंडाला कंटाळून निघून गेले होते. शेवटी कुणीतरी अण्णांना सुचवलं की एखादं ख्रिस्ती माणूस ठेवा, त्यांच्यात हे काही मानत नाहीत. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मी फायनल पास झालेली, अक्षर बरं. छापखान्याच्या ओसरीवर माझ्यासाठी एक टेबल टाकलं गेलं, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक बाक, आणि सतराव्या वर्षी मी नगर जिल्ह्यातल्या मेलेल्या माणसांची लेखनिक झाले. माझं नाव कृपा. त्या नावाला मी किती जागले ते पुढे कळेलच.

काम वरवर सोपं होतं. कार्ड वाचायचं, त्यातून चार-पाच ओळींची निधनवार्ता करायची आणि आत गफूरचाचांकडे द्यायची. ते छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. पण त्या चार ओळींत किती पायऱ्या असतात ते मला पहिल्याच आठवड्यात समजलं. ज्याच्या घरी जमीनजुमला तो निवर्तायचा, आणि तेही आदराने, ‘ते निवर्तले’. माळकरी असेल तर वैकुंठवासी, नसेल तर कैलासवासी. वकील असेल तर ‘काळाने आमच्यातून ओढून नेले’. शिंपी, सुतार नुसतेच ‘वारले’. आणि त्याच्याही खालचा असेल तर ‘तो मयत झाला’, एकेरीत, बहुधा नावाशिवाय. बायांचं तर विचारूच नका. रा. रा. अमुक यांच्या मातोश्री, रा. रा. तमुक यांच्या सुविद्य पत्नी. बाई सत्तर वर्षं जगली, सात पोरं वाढवली, आणि तिला नाव काय होतं ते कार्डात नाहीच. मी उलट टपाली कार्ड टाकायची: ‘मयत बाईंचे स्वतःचे नाव कळवावे, त्याशिवाय बातमी छापता येत नाही.’ असा काही नियम नव्हता, तो मी केला होता. एकदा सुप्याहून एक गृहस्थ तावातावाने आले, म्हणाले, आमच्या आईचं नाव चारचौघांत छापायचं म्हणजे काय? मी म्हटलं, मग नका छापू. पाच मिनिटं बाकावर बसून राहिले आणि मग खाली मान घालून म्हणाले, “ठकूबाई.” असं करत तीन वर्षांत जिल्ह्याच्या या टोकाच्या काष्टीपासून त्या टोकाच्या अकोल्यापर्यंतच्या बायांची नावं मी ओढून ओढून बाहेर काढली. अण्णा हसायचे. त्यांना वाटायचं, पोरगी सुधारक आहे. मी सुधारक वगैरे काही नव्हते. मला राग होता.

तो कशाचा ते सांगते. आम्ही आधी नगरात राहत नव्हतो. कर्जतच्या बाजूला नगरपासून चौदा कोसांवर एक गाव आहे, तिथे मिशनची एका खोलीची शाळा होती आणि वडील तिचे मास्तर. गावाचं नाव मी घेणार नाही. माझ्या हातून त्याला पुन्हा छापील अक्षर मिळायचं नाही. त्या गावात एक मोठा बागाईतदार होता, तीन विहिरींचा धनी. लोक त्याला बापूसाहेब म्हणत, मी नुसता बापू म्हणते. माझी आई सगुणाबाई बाळंतपणं करायची. रात्रीअपरात्री बोलावणं यायचं, पण मागच्या दाराला. त्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा आईच गेली होती. मी अकरा वर्षांची असताना वैशाखात आईला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. आमच्यात पुरतात. शाळेमागे दहा पावलं रुंदीची एक पट्टी होती, तिथे खड्डा खणायला दोन माणसं लागली देखील होती. तेवढ्यात बापू आला. घोड्यावरून उतरलाही नाही. म्हणाला, “हितं न्हाई. बांधाला लागून मढं पुरलं तर माझं रान बाटंल.” वडिलांनी हात जोडले. पट्टी मिशनची आहे म्हणाले, कागद आहे म्हणाले. त्याने कागदाकडे पाहिलंही नाही. खणणाऱ्या दोघांकडे पाहिलं, आणि त्यांनी कुदळी खांद्याला लावल्या.

मग आईला गाडीतून नगरला आणलं. चौदा कोस. ओल्या गोणपाटात, खाली-वर कडुलिंबाचा पाला घालून. गाडीवान पुढे, वडील चाकाशेजारून चालत, आणि आईच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून मी छत्री धरून बसलेली. दुपारनंतर छत्रीचा काही उपयोग राहिला नाही, कारण ऊन हा प्रश्नच राहिला नव्हता; मी एवढंच लिहिते, पुढचं तुमचं तुम्ही समजा. वाटेत एकदा बैल सोडले तेव्हा वडिलांनी मला थाळीत भाकरी दिली, आणि मी ती खाल्ली. भूक लागली होती. ती भाकरी खाल्ल्याचा मला पुढे कित्येक वर्षं राग येत राहिला, आणि तोही मी त्याच माणसाच्या नावावर टाकला.

पंधरा दिवसांनी याच साप्ताहिकात, ‘आमच्या बातमीदारांकडून’ या सदरात, त्या गावची बातमी होती. पाऊस लांबला, आठवड्याच्या बाजारात बैल स्वस्त, आणि शेवटी: ‘येथील मिशनच्या मास्तरची बायको तापाने वारली.’ एवढंच. मास्तरची बायको. मी तो कागद सात-आठ वेळा वाचला, नाव कुठेतरी राहून गेलं असेल म्हणून.

नगरात आम्ही ख्रिस्ती वस्तीत दोन खोल्यांत राहू लागलो. वडिलांची धाकटी बहीण, राहेल आत्या, आमच्याकडे येऊन राहिली. तिने घर सांभाळलं आणि मलाही. आत्याच्या हाताला चव होती. लढाईचे दिवस, रेशनवर मिळेल ते धान्य, तरी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे ती असे करायची की लसणाच्या वासाने शेजारच्या दोन घरची पोरं दाराशी यायची. ताटल्या कमी म्हणून एकाच मोठ्या पितळीत सगळ्यांना एकदम. सकाळी चर्चची घंटा, तिच्या मागोमाग टांग्यांचे घुंगरू, मग वडिलांचा शाळेत जाण्याआधीचा खाकरा आणि चष्म्याच्या डबीचा टक् असा आवाज. वडील मऊ माणूस. माझ्या लेखी फार मऊ. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते रोज एक वाक्य जास्तीचं म्हणायचे, ज्यांनी आम्हांला दुखवलं त्यांचंही भलं कर. आत्या तेवढ्या वाक्याला डोळे उघडून माझ्याकडे पाहायची, आणि मी तिच्याकडे. आमेन आम्ही दोघी म्हणायचो, पण कोरड्या तोंडाने.

वडिलांशी या विषयावर माझं एकदाच भांडण झालं. मी म्हटलं, “त्याला काहीच शिक्षा नाही का?” वडील म्हणाले, “ते आपल्या हातातलं काम नाही, कृपा.” मी मनात म्हटलं, असेल. कारण तोवर मला नोकरी लागली होती, आणि सगळ्यांना एक ना एक दिवस माझ्याच टेबलावर यायचं होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, बाहेरच्यांना ती भयंकर वाटते. मोठ्या माणसांच्या निधनवार्ता ते जिवंत असतानाच लिहून ठेवतात. म्हातारे वकील, आजारी इनामदार, सगळ्यांचे कागद माझ्या खणात तयार असायचे. नुसता वार आणि वेळ घालायची. त्याच खणात सगळ्यात खाली बापूचा कागद होता. तो मी नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात लिहिला आणि पुढे तीन वर्षं लिहीतच राहिले. आधी दोन पानं होती, शिव्यांनी भरलेली. मग शिव्या काढल्या. विशेषणं काढली. शिवी दिली की वाचणारा शिवी देणाऱ्याकडे पाहतो, हे मला हळूहळू कळलं. शेवटी नऊ-दहा वाक्यं उरली, सगळी खरी. टपालवाला आला की मी कार्डांची गड्डी अशी उलगडायची जशी दुसऱ्या मुली आपल्या नवऱ्याचं पत्र शोधतात. कर्जतचा शिक्का दिसला की ते कार्ड सगळ्यांच्या आधी. आज हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

आणि एका मंगळवारी ते कार्ड आलं. वर ‘अशुभ’, खाली गावाचं नाव, आणि ‘बापूसाहेब काल सकाळी वारले, कळावे.’ मी ते तिथेच उभ्याने तीन वेळा वाचलं. खाली बसले, आणि हसले. जिन्यावरून माईंनी विचारलं, “काय गं, कुणी मेलं का?” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मग हसतेस काय?”

त्या आठवड्यात अण्णा कागदाच्या कोट्यासाठी पुण्याला गेले होते. अंक गुरुवारी निघायचा. मी खणातून कागद काढला, वार घातला आणि आत गफूरचाचांना दिला. चाचांनी चष्मा कपाळावर ढकलून तो वाचला. त्यांचे हात चालतच असायचे, ते थांबले.

“बेटी, हे अण्णांनी बघितलंय?”

“हो,” मी म्हटलं. तीन वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोललेली ती पहिलीच वेळ.

“‘वारले’ नाही, ‘वारला’ लिहिलंय तू.”

“‘वारला’च पाहिजे.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग खिळे उचलायला लागले. गुरुवारी दुपारी ट्रेडल छापयंत्राचा खडखडाट सुरू झाला, आणि त्या प्रत्येक दणक्याला एकेक प्रत निघतेय, एकेक प्रत त्या गावाकडे चाललीय, असं मोजत मी ओसरीवर बसले. इतकी सुखी मी आयुष्यात दोन-तीनदाच झाले असेन. माझ्या लग्नाच्या दिवशी मी याहून कमी सुखी होते.

शुक्रवारी अण्णा आले. अंक उघडला, तिसऱ्या पानावर आले, आणि चेहरा उतरला. “हे कुणी लिहिलं?” म्हणाले. मी म्हटलं, मी. “कार्ड कुठाय?” मी दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “कृपा, यात दहावा कधी ते नाही. कशाने गेले ते नाही. खाली सही मुलाची नाही, दिवाणजीची आहे. रोजची दहा कार्डं वाचतेस, आणि हे तुला दिसलं नाही?” खरंच होतं. खऱ्या अशुभ पत्रात दहाव्या-तेराव्याची तिथी असतेच. तीन वर्षांत तिच्याशिवाय एकही कार्ड मी पाहिलं नव्हतं. मला दिसलं नाही, कारण मला पाहायचं नव्हतं. “अगं, कावळा शिवला असेल त्याला,” अण्णा म्हणाले.

आमच्या घरी ती चाल नव्हती, म्हणून ती मला अण्णांनी समजावून सांगावी लागली. कावळा एखाद्याच्या डोक्यावर बसला की ते मरणाचं लक्षण. मग ते मरण चुकवायचं कसं, तर पाहुण्यांना तो मेल्याची खोटी पत्रं धाडायची. ते रडतात, अंघोळी करतात, आणि त्या रडण्यावर यमाची बोळवण होते. दोन दिवसांनी दुसरं पत्र जातं, की सुखरूप आहेत. अशी पत्रं नात्यात जातात, वर्तमानपत्राला कुणी पाठवत नाही. बापूच्या दिवाणजीला ‘सगळीकडं कळवा’ म्हणून सांगितलं असणार आणि त्याने वर्गणीदारांच्या पत्त्यावरून आम्हांलाही कळवलं. दुसरं कार्ड शनिवारी आलं. बापू जिवंत होता. मी तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेली वाक्यं एका जिवंत माणसाच्या डोक्यावर कावळा बसला म्हणून खर्ची पडली होती. त्या रात्री मी शेंगोळ्यांना हात लावला नाही. आत्याने विचारलं तर म्हटलं, पोट दुखतंय.

मंगळवारी सकाळी टांगा थांबला आणि त्यातून तो उतरला. नऊ वर्षांनी मी त्याला पाहत होते. घोड्यावरचा तो पहाडासारखा माणूस आता काठीवर होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं दुधाळ. मागे गडी, गड्याच्या डोक्यावर पेढ्यांची पाटी आणि वर नारळ. अण्णा आतून धावत आले, मला खुणेने गप्प राहा म्हणाले. पण बापू चक्क हसत होता.

“कोन छापनारं हाय हितं?” बाकावर टेकत तो म्हणाला. “लई उपकार झालं बगा. पावन्यांत कळवलं हुतं, पन तुमी तर पार मुलखात केलं! आता शंबरी गाठतो म्या. घ्या, पेढं घ्या.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं. त्याला कुणी वाचून दाखवलेलंच नव्हतं.

“घरी वाचलं असेल ना कुणी?” अण्णांनी चाचपडत विचारलं.

“पोराला म्हनलं वाच, तर म्हनतो अक्षर लई बारीक हाय. नातू म्हनतो, नंतर. सूनबाई तर पदर तोंडाला लावून आतच गेली. मला मरनाच्या गोष्टीला भ्यात्यात.” तो पुन्हा हसला. मग माझ्या आवाजाच्या, बहुधा माझ्या बांगड्यांच्या, दिशेने तोंड केलं. “कोन हाय ही पोर? वाचता येतं न्हवं? वाच की गं. काय लिवलंय आमच्याबद्दल, ऐकू तरी दे.”

“नको, नको,” अण्णा म्हणाले. “खुलासा छापतो आम्ही पुढच्या अंकात. आपण कशाला…”

“वाचते,” मी म्हटलं.

मी उठून अंक घेतला. वाचायची गरज नव्हती, मला पाठ होता. तरी घेतला, कारण छापलेलं आहे हे त्याला ऐकू यायला हवं होतं, कागदाच्या आवाजासकट. आत गफूरचाचांनी ट्रेडल थांबवलं. मी सावकाश वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं:

“कर्जत तालुक्यातील बागाईतदार बापू हा रविवारी वारला. त्याच्या तीन विहिरी होत्या. त्याच्या गावी सगुणाबाई याकोब साळवे राहत असत. गावातील एकतीस बाळंतपणे त्यांनी केली, त्यांत बापूच्या सुनेचे एक होते. सगुणाबाई विषमज्वराने वारल्या, तेव्हा बापूने त्यांना शाळेमागच्या जागेत पुरू दिले नाही. रान बाटेल असे तो म्हणाला. सगुणाबाईंना बैलगाडीतून चौदा कोस उन्हातून नगरला आणावे लागले. त्यांच्या पश्चात पती व एक मुलगी आहे. बापूला त्याच्या रानात जागा मिळाली असेलच.”

गड्याने पाटी खाली ठेवली. बापूचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही, मी कागदात पाहत होते. मान वर केली तेव्हा तो काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

“साळवे म्हंजी त्यो मास्तर?” तो म्हणाला.

“हो.”

“त्याची बाईल मेली हुती व्हय?”

रागाने तो नाकबूल करेल, ओरडेल, काठी उगारेल, यातल्या प्रत्येकाचं उत्तर मी तीन वर्षं तयार करून ठेवलं होतं. याचं नव्हतं.

“तुम्ही घोड्यावर होतात. रान बाटेल म्हणालात.”

“म्हनलो असंन,” तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो, खरोखर आठवून पाहत होता. “लई जनांला लई काय काय म्हनलोय पोरी. सगळं कुटं ध्येनात ऱ्हातंय?”

“मी त्यांची मुलगी,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “तुमच्या ध्यानात नसेल तर नसू द्या. यात खोटं एकच आहे, तुम्ही मेलात ते.”

त्याने तोंड अण्णांकडे वळवलं. हसरा पाहुणा संपला होता. तो घोड्यावरचा आवाज परत आला, थोडा फाटलेला. “छापा. म्या जित्ता हाय म्हनून छापा. आनि ही पोर हितं ऱ्हाता कामा न्हाई.” गड्याचा हात धरून तो टांग्यात चढला. पाटी तशीच राहिली. माईंनी ते पेढे कुणाला शिवू दिले नाहीत, मेलेल्या माणसाचे म्हणून. मी मात्र एक खाल्ला. अगदी चवीने खाल्ला.

अण्णांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “खुलासा तूच लिही. तूच घाण केलीस.” मी टेबलाशी बसले आणि लिहिलं: ‘गेल्या अंकात बापू वारला असे छापले होते. तो हयात आहे. बातमीतील बाकी मजकूर बरोबर आहे.’ अण्णांनी लाल पेन्सिल घेतली. ‘बापू’च्या पुढे ‘साहेब’ घातलं. ‘वारला’चं ‘वारले’ केलं, ‘तो हयात आहे’चं ‘ते हयात आहेत’ केलं. शेवटच्या वाक्यावर पेन्सिल थांबली. अण्णा भित्रे होते, हे मला माहीत होतं. सरकारी नोटिसा आणि बागाईतदारांच्या वर्गण्या यांवर त्यांचं साप्ताहिक चालायचं. पेन्सिल थोडा वेळ तशीच राहिली, आणि मग त्यांनी ती कानावर ठेवून दिली. कागद आत दिला. “उद्यापासून येऊ नकोस,” म्हणाले, माझ्याकडे न पाहता. त्यांच्याबद्दल मी पुढे कधी वाईट बोलले नाही.

खुलासा छापून आला आणि पहिल्या बातमीपेक्षा जास्त वाचला गेला. चावडीवर लोक एकमेकांना वाचून दाखवत होते, असं त्या गावच्या एका बाईने आत्याला बाजारात सांगितलं. बापू त्यानंतर आणखी अकरा वर्षं जगला. तो खरोखर मेला तेव्हा त्याच्या घरून कुठल्याच वर्तमानपत्राला कार्ड गेलं नाही. घाबरले असणार. मला बरं वाटलं का? वाटलं. आजही वाटतं. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेचं वाक्य येतं तिथे मी अजून तोंड मिटते, आणि आमचे पाळक, जे माझ्या नातवाच्या वयाचे आहेत, ते पाहून न पाहिल्यासारखं करतात.

पण खुलाशाच्या त्या दिवशी संध्याकाळी घरी जे झालं ते सांगायला हवं. दोन्ही अंक मी वडिलांसमोर ठेवले. आत्याने ते आधीच वाचले होते, आणि तिने मला मिठी मारून, “बरी जिरवलीस,” म्हटलं होतं. वडिलांनी चष्मा लावला. सगळं वाचलं, बोट धरून, शाळेतल्या पोरांना शिकवायचे तसं. मला वाटलं, आता क्षमेवर बोलतील. उत्तर तयार होतं.

“कृपा,” ते म्हणाले, “तीन वर्षं लेखणी तुझ्या हातात होती. साऱ्या जिल्ह्यातल्या बायांची नावं तू विचारून विचारून छापलीस. आपल्या सगुणेवर चार ओळी का नाही लिहिल्यास?”

“लिहिल्या की. तीन वेळा नाव आहे तिचं.”

“ती बातमी त्याची आहे, पोरी. तू तिला पुन्हा त्याच्याच दारात नेऊन ठेवलंस.”

एवढं बोलून ते उठले. त्यांच्या हातून आयुष्यात मला बसलेली ती एकच चपराक, आणि ती त्यांनी हात न उचलता मारली. मी मनात म्हटलं, काय मोठंसं त्यात, लिहिते. मिशनचं मासिक होतं, त्यात कुणीही छापलं असतं. मी त्याच रात्री बसले. ‘सगुणाबाई याकोब साळवे या’ इथवर आले आणि थांबले. आई कशाला हसायची? दळताना काय म्हणायची? तिला काय आवडायचं खायला? आठवायला गेले की गोणपाट दिसे, पाला दिसे, घोडा दिसे. दुसरं वाक्य लिहिलं की त्यात तो येई. फाडून पुन्हा बसले की तिसऱ्यात येई. आत्याला विचारलं, तिने गाडीचीच गोष्ट सांगितली, कारण मी वर्षानुवर्षं तिला तीच सांगत आले होते. वडिलांना विचारायचं धाडस त्या दिवसांत झालं नाही, आणि मग ते राहिले नाहीत.

त्या चार ओळी मी आयुष्यभर लिहायला बसते आहे. माझ्या आठवणींतलं हे प्रकरणसुद्धा आईवर लिहायचं ठरवून बसले होते. आता मागे उलटून पाहिलं, तर आई पानभरही नाही आणि तो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. त्याचा घोडा, त्याचा मोतीबिंदू, त्याच्या बोलण्यातला शब्द न् शब्द मला आठवतो. शाळेमागची दहा पावलं त्याने तिला दिली नाहीत. माझ्या डोक्यात तिची म्हणून जेवढी जागा होती तेवढीही त्यालाच मिळाली, आणि ती त्याने मागितली नव्हती, मीच दिली. याची त्याला क्षमा नाही. मलाही नाही.